नववी-दहावीच्या मुलांनी स्वतः चालवलेली अहिंसेची शपथ: मजकूर, वेळ, आणि मोडली तर काय?

माळरान

अनुदानित माध्यमिक शाळा, आठवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, पट 340च्या आसपास. निम्मी मुलं वाड्यावस्त्यांवरून एसटीने किंवा पायी येतात. नववीच्या काही मुलामुलींनी मुख्याध्यापकांकडे मागणी केली आहे की मारामारी, चिडवाचिडवी बंद आणि कोणी मध्येच शाळा सोडायची नाही, अशी शपथ मुलांनीच लिहायची आणि मुलांनीच चालवायची. शिक्षकांनी फक्त पाठीशी राहायचं.

कल्पना चांगली आहे, पण शाळेत शपथांना तोटा नाही. तंबाखूमुक्तीची झाली, स्वच्छतेची झाली, कॉपीमुक्तीची झाली, प्रत्येकीचे फोटो वर पाठवून झाले. ही त्याच रांगेत जाऊन बसू नये.

मजकूर कसा असावा? अहिंसा आणि शाळेत टिकणं एकत्र बांधावं की वेगळं ठेवावं? कोणी मोडली तर मुलांनी नेमकं काय करायचं? आणि मुख्याध्यापक म्हणतात 2 ऑक्टोबरला पाहुणे बोलावून करू, मुलांना जुलैतच हवी आहे. कोणाचं ऐकावं?

खडूफळा

एकत्रच बांधा. दोन्ही एकाच दोरीची टोकं आहेत, फक्त कागदावर तसं दिसत नाही. दाखला नेताना कारणाच्या रकान्यात 'स्थलांतर' किंवा 'घरगुती अडचण' लिहिलं जातं, 'चिडवतात म्हणून' असं कोणी लिहीत नाही.

मुलींचं गणित असं चालतं: फळ्यावर तिचं नाव कोणाशी तरी जोडून लिहिलं जातं, किंवा स्टँडवर टोळकं उभं राहायला लागतं. घरी कळलं की घरचे टोळक्याची तक्रार करायला जात नाहीत, मुलीची शाळा बंद करतात. त्यानंतर स्थळं बघायला सुरुवात होते. मुलांचं वेगळं. बरीच वर्षं आठवीपर्यंत कोणी नापास होत नव्हतं (आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापासाची तरतूद परत आली आहे), त्यामुळे पहिला खरा दणका नववीत बसायचा. नापास झालेला मुलगा पुन्हा त्याच वर्गात धाकट्यांबरोबर बसतो, मागून टोमणे, पुढून छडी, आणि महिन्याभरात तो गॅरेजवर किंवा वीटभट्टीवर दिसतो. म्हणजे हिंसा फक्त मारामारीची धरली तर शपथेतून गळतीची निम्मी कारणं सुटतात.

(गंमत म्हणजे 1920-21च्या असहकारात अहिंसेचं व्रत आणि शाळा सोडणं हातात हात घालून चाललं होतं. सरकारी शाळा सोडा, अशीच हाक होती. 1963 साली अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या वर्णभेदविरोधी आंदोलनात स्वयंसेवकांकडून अहिंसेच्या दहा कलमांच्या कार्डावर सह्या घेत, त्यात मूठ, जीभ आणि मन या तिन्हींची हिंसा टाळण्याचं कलम होतं. त्या मे महिन्यात शाळेतली मुलं वर्ग सोडून मोर्चात उतरली आणि शिक्षण मंडळाने हजारावर मुलांना काढून टाकायचं ठरवलं. वरच्या कोर्टाने दोन दिवसांत तो निर्णय रोखला. तुमची मुलं हीच शपथ शाळेत राहण्यासाठी घेताहेत, हे त्यांना सांगा. मुलांना असल्या गोष्टी आवडतात.)

आता मजकूर. पहिलं म्हणजे 'प्रतिज्ञा' हा शब्द टाळा. 'भारत माझा देश आहे' रोज सकाळी इतक्या वेळा म्हणून झालेलं असतं की प्रतिज्ञा म्हटलं की हात आपोआप पुढे येतो आणि डोकं बंद होतं. 'करार' म्हणा, 'वचन' म्हणा. दुसरं, प्रत्येक 'करणार नाही'च्या शेजारी एक 'करीन' हवं. नुसतं 'मी मारणार नाही' म्हणणाऱ्या मुलाला राग आल्यावर काय करायचं ते माहीत नसतं, आणि शपथ नेमकी त्याच क्षणी मोडते. मसुद्याचा एक नमुना देतो, पण जसाच्या तसा घेऊ नका, मुलांना खोडू द्या (यातला 'सोबती' म्हणजे भांडणात मध्यस्थी करायला वर्गाने निवडलेला मुलगा किंवा मुलगी):

1. मी हात उचलणार नाही. राग आला तर दहा पावलं बाजूला जाईन आणि सोबत्याला गाठीन.
2. जात, आईबाप, अंग, बोलणं आणि मार्क यांवरून चिडवणार नाही. कोणाचं नाव कोणाशी जोडणार नाही. जोडलेलं दिसलं तर पुसून टाकीन.
3. भांडण चालू असताना कडं करून उभं राहणार नाही, व्हिडिओ काढणार नाही, आलेला पुढे पाठवणार नाही.
4. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता, एसटी आणि स्टँड हीसुद्धा शाळाच मानीन.
5. माझ्या बाकावरचं कोणी सलग तीन दिवस आलं नाही तर चौथ्या दिवशी चौकशी करीन. परत आल्यावर 'कुठे मेला होतास' न म्हणता वही देईन.
6. शाळा सोडावी असं वाटलं, किंवा घरी तसं बोलणं चाललं, तर सोडण्याआधी एका सोबत्याला आणि एका शिक्षकाला सांगीन.

सहावं कलम नीट वाचा. 'मी शाळा सोडणार नाही' असं तिथे मुद्दाम नाही. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात तो निर्णय नसतो. जे हातात नाही त्याचं वचन घेतलं तर ते मोडल्याचा दोषही तिच्याच माथी येतो, आणि मग ती सांगायला येत नाही. 'सोडण्याआधी सांगीन' हे मात्र तिच्या हातात आहे, आणि शाळेलाही तेवढ्यात चार-आठ दिवस मिळतात.

तिसरं कलम सगळ्यात कामाचं. मधल्या सुट्टीतली बहुतेक भांडणं बघ्यांमुळे पेटतात. कडं फुटलं की दोघांनाही माघार घ्यायला जागा मिळते. मारणाऱ्या दोघांना आवरण्यापेक्षा बघणाऱ्या चाळिसांना हलवणं सोपं असतं.

लिहिण्याची रीत: प्रत्येक तुकडीला दोन तासिका द्या. पहिलीत शाळेचा आणि रस्त्याचा कच्चा नकाशा फळ्यावर काढायचा, मग बिननावाच्या चिठ्ठ्यांवर 'कुठे भीती वाटते' ते लिहायचं. मुलींच्या चिठ्ठ्या वेगळ्या वाचायच्या. मुतारीची मागची बाजू, सायकल स्टँड, पाण्याचे नळ, संध्याकाळच्या एसटीची वेळ, हीच ठिकाणं बहुधा पुन्हा पुन्हा येतील. दुसऱ्या तासिकेत त्या ठिकाणांवरून कलमं लिहायची. सहापेक्षा जास्त नको, आठवीच्या मुलाला न बघता सांगता आली पाहिजेत.

सह्या परिपाठाच्या रांगेत हात वर करून नकोत. आठवडाभर वर्गात वही ठेवा, ज्याला करायची तो करील. शंभर टक्के सह्या झाल्या तर समजा की कोणीतरी दटावलं आहे.

तिसरी घंटा

वरच्या मसुद्यात 'सोबती' हा शब्द आला आहे, सगळी मदार त्याच्यावर आहे, म्हणून तेवढंच लिहिते.

एका तुकडीला सहा ते आठ सोबती, निम्म्या मुली. निवड वर्गशिक्षकांनी करू नये आणि हात वर करूनही नको. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन नावं लिहायची: 'भांडण झालं तर कोणाला सांगशील?' ज्यांची नावं जास्त येतील ते. यात मॉनिटर क्वचितच येतो आणि मागच्या बाकावरचा दांडगट हमखास येतो. त्याला वगळायचा मोह आवरा. तोच जिच्याकडे नाही, त्या शपथेला मागच्या बाकांवर कोणी विचारत नाही.

तयारी: दोन-दोन तासांची चार सत्रं, शनिवारची शाळा सुटल्यावर. फार काही शिकवायचं नसतं. ऐकून घेणं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, बाजू न घेणं, आणि 'हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे' असं ओळखणं. शेवटचं सर्वात अवघड, त्याला एक अख्खं सत्र द्या.

भांडण झालं की बैठक त्याच दिवशी नको, डोकी तापलेली असतात. दुसऱ्या दिवशी, ऑफ तासिकेला, उघड्या दाराच्या खोलीत, दोन सोबती आणि भांडलेले दोघं. मित्रांना बाहेर ठेवायचं. आधी एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं आणि मग 'तुझं म्हणणं असं' म्हणून परत सांगायचं. मग उलट. मग एकच प्रश्न: उद्यापासून कोण काय करणार? उत्तर दोन ओळींत लिहायचं, दोघांच्या सह्या. सगळं मिळून अर्धा तास. सात दिवसांनी सोबत्याने जाता जाता विचारायचं, चाललंय का. लेखी अहवाल, शिक्का, फाईल असलं काही नको.

'सॉरी म्हण' हा आग्रह धरायचा नाही. जबरदस्तीची माफी मिळालेल्याचं समाधान होत नाही आणि मागितलेल्याच्या मनात ती डाचत राहते, स्टँडवर बाहेर पडते.

अशी बैठक दोन सारख्या ताकदीच्या मुलांमधल्या भांडणासाठी आहे. चार जण मिळून एकाला रोज छळत असतील तर त्याला त्यांच्यासमोर बसवून 'दोघांनी मिटवा' म्हणणं म्हणजे छळाचा आणखी एक प्रयोग. तिथे बैठक नाही, थेट शिक्षक.

मोडली तर काय, या प्रश्नाचं उत्तर: मोडणार. करारातच लिहून ठेवा की मोडल्यावर पुन्हा सही करता येते, आधीच्या सहीशेजारी नवी तारीख. नाव खोडणं, नाव फळ्यावर लिहिणं, दंड, उठाबशा, काही नाही. एकदा का 'शपथ मोडली म्हणून दाखला हातात देऊ' अशी धमकी कोणा शिक्षकाच्या तोंडून गेली की त्याच दिवशी सगळं संपलं. शाळेत टिकवण्यासाठी काढलेली वही शाळेतून काढण्याचं हत्यार व्हायला नको.

आणि शिक्षकांची सही? मुलं मागतील. द्या. छडी नाही, 'तुझ्याने होणार नाही, शेळ्या राख' नाही, एवढी दोन कलमं. शिक्षकांनी सही केली नाही तर मुलं वर्गात उघड काही बोलणार नाहीत, पण मनातल्या मनात हिशेब मांडतील.

तालुका कोर्ट

वरच्या दोघांशी सहमत, फक्त कुंपण कुठे घालायचं ते सांगतो, कारण उत्साहात तेच राहून जातं.

सोबत्यांनी हात लावायचा नाही अशा गोष्टी: कोयता, चाकू, फायटर (मुठीत घालायचं लोखंडी हत्यार) यांपैकी काही दिसणं, रक्त निघालेली मारामारी, जातिवाचक शिवीगाळ, लैंगिक स्वरूपाचं काहीही, त्यात फोटो आणि मेसेजही आले, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, ठरलेलं किंवा ठरत असलेलं लग्न. यात सोबत्याचं काम एकच, त्याच दिवशी ठरलेल्या शिक्षकाला सांगणं. म्हणून 'तुझं गुपित पोटात ठेवीन' असं वचन सोबत्याने कधीच द्यायचं नाही. 'तुला किंवा कोणाला धोका असेल तर मी सरांना किंवा मॅडमना सांगणार', हे बोलणं सुरू होण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. मुलांना या शिक्षेतून सूट आहे, शिक्षकांना नाही. 'आपापसात मिटवलं' हे इथे उत्तर होत नाही, उलट अडचण होते.

बालविवाहाची कुणकुण लागली तर ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि चोवीस तास चालणारी मुलांची हेल्पलाइन 1098. कळवणाऱ्याने नाव सांगायलाच हवं असं नाही. फोन मोठ्यांनी करावा, नववीच्या मुलांनी मांडवात जाऊन 'लग्न थांबवा' म्हणू नये. बातमीला छान दिसतं, पण पुढे त्या मुलांना त्याच गावात राहायचं असतं.

छडीबद्दल: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना आहेत. कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणालाही शाळेतून काढता येत नाही. आणि मुलांना 'जेलमध्ये टाकतील' अशी भीती घालू नका. अठराखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

करार स्टॅम्प पेपरवर वगैरे घेऊ नये. पालकांची सही घेण्याचाही घाट घालू नये, त्याने ते हमीपत्र बनतं.

उसाचा फड

थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका. ज्या मुलाचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे निघतात, त्याला शपथ काय थांबवणार? धाकट्याला सांभाळायला आणि भाकरी टाकायला थोरली मुलगी सोबत लागते. आठवीनंतर शालेय पोषण आहार बंद, मोफत पाठ्यपुस्तकं बंद. नववी म्हणजे फुकटातून एकदम विकतच्या शिक्षणात पाऊल. याला अहिंसेची शपथ हे औषध नाही.

पण माहिती हे थोडंफार औषध आहे, आणि ती मुलांकडून मुलांना पोचते. म्हणून सोबत्यांच्या वहीत शेवटच्या पानावर एक यादी चिकटवा, कोणत्या अडचणीला कोणतं दार:

स्थलांतर करणाऱ्या घरातली मुलं असतील तर गावातलं हंगामी वसतिगृह. सोबत जाणारच असतील तर निघण्याआधी शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं आणि परतल्यावर पुन्हा आपल्या वर्गात. मात्र या सोयी आठवीपर्यंतच्या वयासाठी आहेत, नववीच्या मुलाला नातेवाइकाकडे किंवा समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा शोधावी लागते, आणि ते काम ऑक्टोबरात नाही, जूनमध्ये करायचं. मुलींना एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या 125 तालुक्यांत आठवीपासून मुलींना सायकली. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात होते. शाळा सुटलीच असेल तर 17 नंबर फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. 'एका विषयात उडालो म्हणजे सगळं गेलं' असं समजून घरी बसलेली मुलं गावोगाव सापडतील.

कामाला जाणाऱ्या मुलाला टोमणा मारायचा नाही, हेही कलमात घाला. चौदा वर्षांखाली काम बेकायदा (घरचा धंदा शाळेच्या वेळेनंतर वगळून), चौदा ते अठरा धोक्याची कामं बेकायदा. पण तो दोष मालकाचा, मुलाचा नाही.

खडूफळा

फड यांचं म्हणणं बरोबर. शपथेने पैसा येत नाही. पण आपल्याकडे शाळाबाह्य मूल ठरवायला सलग 30 दिवसांची गैरहजेरी धरतात. तीस दिवसांत पोरगं कामाला लागतं, हातात पैसे येतात, वह्या रद्दीत जातात. मुलांची साखळी चौथ्या दिवशी हलते, फायदा एवढाच आहे आणि तो पुष्कळ आहे. तुमची ती यादी पाचव्या कलमाला जोडली की दोन्ही कामं एकत्र होतात.

घरी चौकशीला जायचं झालं तर दोन मुलं आणि एक शिक्षक, एकट्याने नाही. मुलीकडे मुलगी आणि मॅडम. दारात उभं राहून 'का येत नाही' असं विचारू नका. 'उद्या गणिताची चाचणी आहे, वही आणलीय' म्हणा. कारण आपोआप निघतं.

माळरान

फार उपयोग झाला. तीन अडचणी उरल्या. मुख्याध्यापक 2 ऑक्टोबरवर ठाम आहेत. एका पालकाने विचारलं की मुलांना एकमेकांवर पाळत ठेवायला लावताय का. आणि केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) 'परिणाम' आकड्यात हवा आहे, किती मुलांनी शपथ घेतली तो.

तिसरी घंटा

2 ऑक्टोबर सोडू नका, काम बदला. जुलैत नकाशा आणि मसुदा, ऑगस्टमध्ये पहिली चाचणी संपली की सह्या, आणि 2 ऑक्टोबरला पहिला आढावा. पाहुणे येऊ देत, भाषण मुलं करतील. ती तारीख तशीही मोक्याची आहे: दिवाळीच्या सुट्टीला थोडेच दिवस उरलेले असतात आणि कोण कोण फडावर जाणार ते तेव्हा कळू लागतं. अमेरिकेत 1998 पासून 30 जानेवारी ते 4 एप्रिल, गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतिदिनांच्या दरम्यान, 64 दिवसांचा अहिंसेचा काळ पाळतात. तो तसाच उचलू नका, आपल्याकडे त्यात बोर्डाची परीक्षा येते. आपला नाजूक काळ दिवाळीनंतरचे सहा आठवडे, आणि दुसरा नववीचा निकाल लागल्यानंतरचा. निकालाच्या दिवशी सोबत्यांनी शाळेत हजर राहायचं, एवढं एक काम आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पाळतीबद्दल पालकाला सांगा की वहीत भांडणाऱ्यांची नावं राहत नाहीत. बैठकीच्या दोन ओळींचा कागद सात दिवसांनी दोघांसमोर फाडायचा. त्यांना तो फाडताना दाखवा, विश्वास त्यानेच बसतो.

तालुका कोर्ट

फक्त मी वर सांगितलेल्या प्रकारांतला कोणताही कागद फाडू नका. तो मुख्याध्यापकांकडे, तारीख-वेळेसह, कुलपात. आणि गैरहजर मुलांची नावं व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा सूचना फलकावर टाकू नका. फोटोही नको, विशेषतः परत आलेल्या मुलीचा हार घालून काढलेला.

खडूफळा

केंद्रप्रमुखांना सह्यांचा आकडा देऊ नका, तो फुगतो. हजेरीपटावरून तीन आकडे काढा: महिन्यात सलग तीन दिवस किंवा जास्त गैरहजर राहिलेली मुलं, त्यांतली दहा दिवसांच्या आत परत आलेली, आणि दहावीत 75 टक्के हजेरीच्या खाली घसरणारी, कारण तेवढी नसेल तर बोर्डाच्या परीक्षेला बसायचीच अडचण होते. तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. नोव्हेंबरची तुलना सप्टेंबरशी केली तर दरवर्षी आपण हरलेलेच दिसू.

सुरुवातीला भांडणांच्या तक्रारी वाढतील. मुख्याध्यापकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात वही बंद करतील. आधीही भांडणं होतीच, आता कोणीतरी सांगायला येतंय.

माळरान

तक्रारी वाढण्याचं लक्षात आणून दिलंत ते बरं झालं, त्याची कल्पना नव्हती. सोमवारी नववी 'अ'पासून चिठ्ठ्यांना सुरुवात. मुलांनी एक बदल आत्ताच सुचवलाय: 'दहा पावलं बाजूला' ऐवजी 'नळापर्यंत'. म्हणतात, पाणी पिताना बोलता येत नाही.

तिसरी घंटा

ठेवा. आणि नळ चालू आहेत ना, ते बघून घ्या.